राउटरमध्ये आपण न टाकलेली कॉन्फिग: ती ओळखायची कशी आणि सांभाळायची कशी

इंदूरात विजयनगर, पलासिया, सुपर कॉरिडॉर इकडे आपली पुष्कळ मराठी मुलंमुली नेटवर्क सपोर्टला आहेत, आणि ऑटोमेशन सुरू केलं की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा प्रश्न तोच येतो की दादा, ही ओळ मी टाकलीच नाहीये मग ही आली कुठून, आणि डिलीट केली तरी परत का दिसतेय. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट कुणी सांगत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. सिस्को, ज्युनिपर, लिनक्स काहीही असो, मूळ मुद्दा सगळीकडे सारखाच.

मुद्दा एवढाच की डिव्हाइसच्या कॉन्फिगमधल्या, म्हणजे सेटिंगच्या यादीतल्या, प्रत्येक ओळीला एक मालक असतो. काही ओळी तुमच्या, काही डिव्हाइसच्या स्वतःच्या. भंवरकुआंला खोली भाड्याने घेतली की पंखा नि कॉट घरमालकाची, गादी नि टेबल तुमचं, आणि खोली सोडताना यादी नसली तर भांडण ठरलेलं. इथेही यादी आधी करायची, स्क्रिप्ट नंतर.

आता डिव्हाइस स्वतःहून काय काय टाकतं ते बघा. सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच नवीन काढा, काहीही न करता शो व्हीलॅन ब्रीफ मारा (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं). व्हीलॅन 1 दिसेल, आणि खाली 1002 ते 1005 असे चार, एफडीडीआय आणि टोकन रिंग या जुन्या नेटवर्क तंत्रांच्या जमान्यातले. ते तुम्ही बनवले नाहीत आणि तुम्हाला काढताही येत नाहीत. सिस्कोच्याच पॉलिसी-मॅपमध्ये, म्हणजे कोणत्या ट्रॅफिकशी कसं वागायचं त्या नियमांत, क्लास-डिफॉल्ट हा क्लास आपोआप असतो. लिनक्सवर एलओ, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा लूपबॅक इंटरफेस, 127.0.0.1 घेऊन बसलेला असतो. आणि ज्युनिपरच्या फायरवॉलवर तुम्ही पॉलिसीत जुनोस-एचटीटीपी किंवा जुनोस-एसएसएच असं बिनधास्त लिहिता, पण ती ॲप्लिकेशन्स तुमच्या कॉन्फिगमध्ये शोधा बरं, कुठेच सापडणार नाहीत. ती असतात जुनोस-डिफॉल्ट्स नावाच्या ग्रुपमध्ये, जो साध्या शो कॉन्फिगरेशनमध्ये दिसतच नाही. शो कॉन्फिगरेशन ग्रुप्स जुनोस-डिफॉल्ट्स असं मुद्दाम टाइप केलं की मगच सगळा खजिना बाहेर येतो, एचटीटीपीचं पोर्ट 80, एसएसएचचं 22, सगळं तिथे. ज्याने हे कधी बघितलं नाहीये त्याने आजच बघावं, खरंच डोळे उघडतात.

या सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या नाहीत हेही लक्षात घ्या. काही गोष्टी डिव्हाइस ऑन झालं की लगेच असतात, जसं लूपबॅक. काही गोष्टी अट पूर्ण झाली की येतात, म्हणजे लाइन कार्ड लावलं तर त्याचे पोर्ट दिसू लागतात, लायसन्स टाकलं तर त्या फीचरची कॉन्फिग दिसू लागते. आणि तिसऱ्या प्रकारच्या गोष्टी तयार पडून असतात पण तुम्ही त्यांचं नाव घेईपर्यंत काहीही करत नाहीत, जुनोस-एचटीटीपी त्यातलीच. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या नेटमॉड ग्रुपमध्ये सिस्टिम कॉन्फिगवर जो मसुदा लिहिला गेला त्यातही हीच तीन भागांची विभागणी आहे, आणि मला ती फार उपयोगी वाटते कारण तिन्ही प्रकारांशी वागायची पद्धत वेगळी आहे. पहिल्या प्रकाराला हात लावायची गरज सहसा पडत नाही, दुसऱ्याला हार्डवेअर बदलताना सांभाळायचं, आणि खरा त्रास देतो तो तिसरा. त्याकडे येतोच.

त्याआधी एक गोंधळ काढून टाकतो कारण इथे जुनी जाणती माणसंही चुकतात. डिफॉल्ट हा शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. एक फॅक्टरी डिफॉल्ट, म्हणजे रिसेट केल्यावर जी कॉन्फिग रनिंगमध्ये, म्हणजे तुमच्या चालू कॉन्फिगमध्ये, येऊन बसते, ती तुम्ही सरळ बदलू शकता आणि काढूही शकता, एकदा काढली की गेली. दुसरं स्कीमा डिफॉल्ट, म्हणजे यँग मॉडेलमध्येच (यँग ही कॉन्फिगचा साचा लिहायची भाषा) लिहिलंय की ही लीफ, म्हणजे एका व्हॅल्यूची जागा, कुणी दिली नाही तर तिची व्हॅल्यू अमुक धरा, उदाहरणार्थ इंटरफेसचं इनेबल्ड हे काही न सांगता ट्रू धरलं जातं. आणि तिसरी ही आपली सिस्टिमने दिलेली कॉन्फिग, जी मॉडेलमध्ये लिहिलेली नसते, ती त्या विशिष्ट बॉक्सवर त्या विशिष्ट सॉफ्टवेअरने आणलेली असते. काढायला गेलात तर ती तुमच्या रनिंगमध्ये नसते म्हणून काढता येत नाही, किंवा वरून तुम्ही टाकलेली निघते आणि खाली सिस्टिमची पुन्हा दिसते. डिलीट केलं तरी परत येतंय हे तिथून येतं. डिव्हाइस बिघडलेलं नाहीये, ते असंच चालतं.

आता मालक कोण हे डिव्हाइसलाच विचारायची सोय आहे, आणि ती मार्च 2018 पासून आहे, आरएफसी 8342 (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे मानक दस्तऐवज), ज्याला सगळे एनएमडीए म्हणतात. त्यात डेटास्टोर, म्हणजे कॉन्फिग ठेवायचे कप्पे, नीट वेगळे केलेत. रनिंग म्हणजे तुम्ही जे मागितलं ते. इंटेंडेड म्हणजे टेम्प्लेट वगैरे उलगडून डिव्हाइसला जे लावायचंय ते. आणि ऑपरेशनल म्हणजे आत्ता या क्षणी खरंच जे चालू आहे ते, सिस्टिमचं, शिकलेलं, डिफॉल्ट सगळं धरून. ऑपरेशनल फक्त वाचायला आहे. त्यात प्रत्येक कॉन्फिग नोडला ओरिजिन नावाची खूण लावता येते: इंटेंडेड, डायनॅमिक, सिस्टिम, लर्न्ड, डिफॉल्ट आणि अननोन.

स्क्रिप्टने डिव्हाइसशी बोलायचे दोन प्रोटोकॉल आहेत, नेटकॉन्फ आणि वेबच्या धर्तीचा रेस्टकॉन्फ. नेटकॉन्फवर हे काढायचं तर जुनं गेट-कॉन्फिग चालत नाही, आरएफसी 8526 मधलं गेट-डेटा वापरायचं, डेटास्टोर ऑपरेशनल द्यायचा आणि विथ-ओरिजिन लावायचं. रेस्टकॉन्फवर आरएफसी 8527 प्रमाणे डीएसच्या खाली ऑपरेशनलचा पाथ असतो, तिथेही क्वेरीत विथ-ओरिजिन चालतं. पायथॉनमध्ये एनसीक्लायंट ही नेटकॉन्फची लायब्ररी वापरत असाल तर डिस्पॅचने कच्चा आरपीसी, म्हणजे स्वतः लिहिलेली विनंती, पाठवा, काम होतं. फक्त सिस्टिमचंच हवं असेल तर ओरिजिन-फिल्टर लावून तेवढंच मागता येतं, आणि मोठ्या बॉक्सवर तसंच मागा, नाहीतर उत्तर इतकं लांब येतं की वाचणाराच थकतो.

उत्तर कसं वाचायचं ते एका इंटरफेसवर दाखवतो. समजा रामबागच्या शाखेतल्या राउटरवर ईथ0 आहे. त्याच्यावर ओरिजिन इंटेंडेड लिहिलंय, म्हणजे इंटरफेस तुमच्या कॉन्फिगमध्ये आहे. आत डिस्क्रिप्शन आहे, त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही. इनेबल्ड आहे, त्यावर डिफॉल्ट. आयपी ॲड्रेस आहे, त्यावर लर्न्ड, कारण तो डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप, आलाय. आता डिस्क्रिप्शनवर खूण नाही म्हणजे मालक नाही असं नव्हे, खूण नसली की आईबापाची खूण लागू होते, म्हणजे तेही इंटेंडेड. ही एक गोष्ट न कळल्यामुळे लोकांच्या स्क्रिप्ट अर्धा डेटा बेवारस समजून टाकून देतात, तर पार्सर लिहिताना वरची व्हॅल्यू खाली घेऊन जायला अजिबात विसरू नका. त्याच उत्तरात खाली एलओ0 असेल, त्यावर सिस्टिम, आत 127.0.0.1 आणि आयपीव्ही6 चा दोन-कोलन-एक. तो घरमालकाचा. आणि पॅकेट काउंटर वगैरेंवर ओरिजिन शोधू नका, ती कॉन्फिग नाही, स्टेट आहे, तिला ओरिजिन नसतोच.

ज्या डिव्हाइसवर एनएमडीए नाहीये, आणि आपल्याकडे फील्डमध्ये असे भरपूर आहेत, तिथे काय करायचं? तिथे फरकाने शोधायचं. सिस्कोवर शो रनिंग-कॉन्फिग आणि शो रनिंग-कॉन्फिग ऑल दोन्ही फाइलीत घ्या आणि डिफ, म्हणजे दोघांतला फरक, काढा, जे फक्त ऑलमध्ये आहे ते सहसा तुम्ही लिहिलेलं नसतं. ज्युनिपरवर शो कॉन्फिगरेशनला पाइप लावून डिस्प्ले इनहेरिटन्स डिफॉल्ट्स द्या. यातून स्कीमा डिफॉल्ट आणि सिस्टिमचं वेगळं होत नाही हे खरं, पण तुमचं आणि न-तुमचं एवढं तरी वेगळं होतं, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. आणखी एक सोय आहे, नेटकॉन्फ सेशन उघडलं की डिव्हाइस हॅलोमध्ये आपल्या कॅपॅबिलिटी सांगतं, त्यात विथ-डिफॉल्ट्सची ओळ शोधा, बेसिक-मोड काय लिहिलंय बघा. रिपोर्ट-ऑल असेल तर डिव्हाइस डिफॉल्टसकट सगळं देतं. एक्सप्लिसिट असेल तर जे कुणीतरी स्पष्ट टाकलंय तेवढंच देतं. ट्रिम असेल तर तुम्ही स्वतः टाकलेली व्हॅल्यूसुद्धा डिफॉल्टइतकीच असली की गाळून टाकतं, मग तुमच्या गिटमध्ये, म्हणजे जिथे कॉन्फिगच्या फाइली बदलांच्या इतिहासासकट ठेवता तिथे, ओळ आहे आणि डिव्हाइसमध्ये नाही असं दिसतं आणि रोज रात्री खोटा अलार्म वाजतो. हे 2011 च्या आरएफसी 6243 मध्ये सगळं स्पष्ट लिहिलंय आणि तरी ऑटोमेशनच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात असं माझं मत झालंय.

बरं, आता बदल कसे करायचे.

नेटकॉन्फने बदल पाठवताना प्रत्येक नोंदीचं काय करायचं ते सांगता येतं: क्रिएट, डिलीट, मर्ज (आहे त्यात मिसळ), रिमूव्ह, रिप्लेस. स्क्रिप्टमध्ये क्रिएट आणि डिलीट शक्यतो टाळा, मर्ज आणि रिमूव्ह वापरा. कारण क्रिएट म्हटलं आणि ती गोष्ट आधीच असली तर डेटा-एक्झिस्ट्स म्हणून एरर, डिलीट म्हटलं आणि नसली तर डेटा-मिसिंग. आणि आहे की नाही हे प्रत्येक डिव्हाइस आपापल्या मोडप्रमाणे ठरवतं, रिपोर्ट-ऑलवाल्याला डिफॉल्ट व्हॅल्यू आहे असं वाटतं, एक्सप्लिसिटवाल्याला नाही असं वाटतं, म्हणून तीच स्क्रिप्ट एका बॉक्सवर चालते आणि शेजारच्यावर पडते. रिमूव्ह हे असलं तर काढ, नसलं तर गप्प बस असं आहे. आणि रिप्लेस फार जपून, खास करून इंटरफेसेससारख्या वरच्या कंटेनरवर. रिप्लेस म्हणजे मी देतोय तेवढंच ठेव बाकी काढ, आणि जुन्या डिव्हाइसमध्ये सिस्टिमच्या नोंदी रनिंगमध्येच मिसळलेल्या असतात, मग ते बिचारं लूपबॅक आणि फिजिकल पोर्ट काढायला बघतं. काही डिव्हाइस एरर देतात, काही काढल्यासारखं करून परत बनवतात. रिप्लेस करायचंच तर एका इंटरफेसच्या पातळीवर करा, जो पूर्णपणे तुमच्या मालकीचा आहे.

सिस्टिमच्या नोंदीला तुम्ही वरून काही जोडू शकता, त्यात काही वाईट नाही. एलओ0 सिस्टिमचा असला तरी तुम्ही रनिंगमध्ये एलओ0 लिहून त्याखाली आपला राउटर-आयडीवाला ॲड्रेस टाकता, तेव्हा दोन्ही एकत्र होतात. सिस्टिमचा 127.0.0.1 तिथेच, तुमचा बाजूला. एकाच लीफवर दोघांची व्हॅल्यू असली तर तुमची वर राहते, म्हणजे जिथे बदलायला परवानगी आहे तिथे. उद्या तुम्ही रनिंगमधून एलओ0 पूर्ण काढलात तर तुमचा ॲड्रेस जातो, इंटरफेस राहतो. आरएफसी 8343 मध्ये अशा इंटरफेसला सिस्टिम-कंट्रोल्डच म्हटलंय, त्याचं असणं-नसणं कॉन्फिग ठरवत नाही. काही व्हॅल्यू तर अजिबात बदलता येत नाहीत, त्यांना हात लावला की एरर, आणि तो एरर बघून स्क्रिप्टने पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसू नये अशी सोय करून ठेवा.

आता तो तिसरा प्रकार, नाव घेईपर्यंत झोपलेला. नीट वाचा कारण इथे खरोखर वेळ जातो. समजा तुमच्या फायरवॉलच्या यँग मॉडेलमध्ये पॉलिसीखाली ॲप्लिकेशन नावाची लीफ आहे आणि ती लीफरेफ आहे, म्हणजे ती ज्या नावाकडे बोट दाखवते ते नाव ॲप्लिकेशन्सच्या यादीत असलंच पाहिजे. तुम्ही पॉलिसीत सिस्टिमने दिलेल्या वेब ॲप्लिकेशनचं नाव टाकलं. डिव्हाइसला ते माहीत आहे, कमिट झालं, ट्रॅफिक चालू झालं, सगळे खूश. मग तुमच्या कंट्रोलरने किंवा सीआय पाइपलाइनने, म्हणजे बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने, रनिंग उचलून यँगलिंट या यँग तपासायच्या टूलवर ऑफलाइन तपासलं आणि लीफरेफ तुटलाय म्हणून पाइपलाइन लाल झाली. डिव्हाइस बरोबर बोलतंय आणि यँगलिंटही बरोबर बोलतंय, कारण यँगलिंटला फक्त रनिंग दिसतं आणि रनिंगमध्ये ती नोंद नाहीये. इथे मुलं काय करतात, व्हॅलिडेशनच बंद करून टाकतात. कृपा करून हे करू नका, ऑफलाइन तपासणी हीच तर रात्री दोनला येणारा फोन वाचवते.

उपाय सोपा आहे. ज्या सिस्टिम नोंदीकडे तुमची कॉन्फिग बोट दाखवते तेवढीच नोंद तुमच्या रनिंगमध्ये स्पष्ट लिहा. पूर्ण नाही, फक्त यादीतली नोंद आणि तिची की, म्हणजे नाव. पोर्ट, प्रोटोकॉल, टाइमआउट काही कॉपी करायचं नाही, ते सिस्टिमकडून येऊ दे. मॉडेलने एखादी लीफ मँडेटरी केली असेल तर तेवढी द्यावी लागेल, ती द्या, बस. यामुळे ऑफलाइन तपासणी पास होते, डिव्हाइसवर काही बदलत नाही, आणि गिट वाचणाऱ्यालाही कळतं की आपण सिस्टिमच्या कोणत्या गोष्टींवर अवलंबून आहोत. या नोंदींसाठी वेगळी फाइल ठेवा, माझ्या रेपोमध्ये तिचं नाव सिस्टिम-आधार असं आहे, आणि त्या फाइलमध्ये व्हॅल्यू टाकायला मनाई आहे, रिव्ह्यूमध्येच परत जाते.

आणि सिस्टिमच्या नोंदीत व्हॅल्यू बदलायची असेल, समजा तुमचं वेब ॲप 8080 वर आहे, तर सिस्टिमवालीला छेडू नका, आपलं नवीन ॲप्लिकेशन बनवा आणि नाव असं द्या की व्हेंडरच्या प्रीफिक्सशी कधीच भिडणार नाही. जुनोस- ने सुरू होणारं नाव तुम्ही ठेवायचं नाही, कंपनीचं छोटं रूप पुढे लावा. उद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेंडरने तेच नाव आणलं तर तुमची नोंद आणि त्यांची नोंद एकमेकांत मिसळेल, आणि ते शोधायला जीव जातो.

बॅकअपचं सांगतो, कारण इथे मला खरंच राग येतो. पीथमपूरच्या एका कारखान्यात आधीच्या कंत्राटदाराने बॅकअप म्हणून सगळं डंप करून ठेवलं होतं, ऑलवालं, डिफॉल्टसकट, सिस्टिमसकट, पोर्टसकट. पावसाळ्याच्या तोंडाला वीज पडून 48 पोर्टचा स्विच गेला, हाताशी 24 पोर्टचा होता, तो लावला आणि नेटकॉन्फने बॅकअप ढकलला, रोलबॅक-ऑन-एरर, म्हणजे एकही चूक झाली तर सगळं मागे घे, लावलेला होता, त्यामुळे नसलेल्या पोर्टवर पहिला एरर आला आणि सगळंच मागे गेलं. एकही व्हीलॅन लागला नाही, शिफ्ट थांबलेली. काही डिव्हाइस नसलेल्या पोर्टची कॉन्फिग आनंदाने ठेवून घेतात, कार्ड येईल तेव्हा लावू म्हणून, पण सगळे नाही. तिथे त्या लोकांचं खरं काम, व्हीलॅन, अपलिंक, देखरेखीचं एसएनएमपी, जेमतेम पानभर होतं, आणि ते त्या हजारो ओळींतून वेचून काढायला सगळी दुपार गेली. म्हणून रिस्टोअरसाठीचा बॅकअप म्हणजे तुमच्या मालकीच्या ओळी, तेवढ्याच. पूर्ण डंपही घ्या, तो तुलनेसाठी कामाचा आहे, पण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यावर रिस्टोअर करू नये असं मोठ्या अक्षरात लिहा. ऑक्सिडाइज्ड हे कॉन्फिग बॅकअपचं टूल वापरणाऱ्यांनी दोन वेगळे ग्रुप करा, फार सोयीचं पडतं.

राहिलं अपग्रेड. सिस्टिम कॉन्फिग ही सॉफ्टवेअरबरोबर बदलते, तुम्ही काही न करता. नवीन व्हर्जनमध्ये एखाद्या ॲप्लिकेशनचा टाइमआउट बदलला, एखादं जुनं सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत, यादीतून गेलं, असं होतं, आणि तुमच्या गिटमध्ये त्याची एक ओळही हललेली नसते. त्यामुळे अपग्रेडच्या आधी ओरिजिन सिस्टिम असलेला सगळा डेटा काढून ठेवा, अपग्रेड झाल्यावर पुन्हा काढा, डिफ बघा. पूर्ण डिफ वाचायची गरज नाही, सिस्टिम-आधार फाइलमधली नावं घ्या आणि फक्त त्यांच्याबद्दल डिफमध्ये काही आलंय का ते बघा. नाव गायब असेल तर अपग्रेड परत घ्या किंवा पॉलिसी बदला, व्हॅल्यू बदललेली असेल तर ज्याचं ॲप आहे त्याला फोन करून विचारा. लॅबमध्ये तोच मॉडेल नंबर आणि तीच लायसन्स असलेला बॉक्स असेल तर हे आधी तिथे करा, लायसन्स वेगळं असलं तर निकालही वेगळा येतो. आणि लायसन्स संपायची तारीख पण कॅलेंडरमध्ये टाका, कारण लायसन्स संपलं की त्याच्या जोरावर आलेल्या सिस्टिम नोंदी जाऊ शकतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारी तुमची पॉलिसी पुढच्या कमिटला अडकते, आणि तो पुढचा कमिट बहुतेक वेळा कुणीतरी घाईत, वेगळ्याच कामासाठी करत असतो.